मुंबई–टोकियो : अंतर तेवढंच, मग जायला आठ तास आणि यायला पावणेदहा का?

तिकिटावर दोन ओळी असतात. पहिली म्हणते, मुंबईहून रात्री ८:०० ला निघणार आणि टोकियोला सकाळी ७:३० ला पोचणार. पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात '+१' असतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी. दुसरी ओळ परतीची : टोकियोहून सकाळी ११:०० ला निघणार, मुंबईत त्याच दिवशी संध्याकाळी ५:१५ ला उतरणार. (वेळा नमुन्यादाखल घेतल्यात. मोसमागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण हिशेब याच्याच आसपास राहतो.) कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या बुकिंग ऑफिसात असं तिकीट छापून हातात दिलं की समोरचा माणूस बोटांवर तास मोजतो आणि हमखास म्हणतो, "जाताना साडेअकरा तास अन् येताना सव्वासहाच? येताना लई पळवतात की ओ!"

प्रत्यक्षात उलटं आहे. जाताना आठ तास लागतात आणि येताना पावणेदहा. म्हणजे येतानाच विमान रेंगाळतं, आणि घड्याळ मात्र ते पळाल्याचा भास करून देतं. या एका तिकिटात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात : घड्याळाचा फरक, अंतर आणि वारा. ज्यांची मुलं-सुना तिकडे आहेत त्यांना हा गुंता दर वेळी नव्याने पडतो, म्हणून एकदा सगळा सोडवून ठेवतो.

घड्याळाचं आधी मिटवू, कारण ते सोपं आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. निघायची वेळ निघायच्या गावची, पोचायची वेळ पोचायच्या गावची. जगात कुठलंही तिकीट घ्या, हा नियम बदलत नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, तो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, म्हणून आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. जपानची वेळ १३५ अंशांवरून ठरते. तो रेखांश आकाशी नावाच्या शहरातून जातो, म्हणून जपान ९ तास पुढे. वजाबाकी केली की आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तास उरतात.

आपलं कोल्हापूर ७४ अंशांच्या थोडं पुढे आहे, मिर्झापूरच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला साधारण अर्धा तास बाकी असतो. घड्याळ म्हणजे सरकारने केलेली सोय, सूर्याचं वेळापत्रक नव्हे. सिंगापूरचंच बघा. रेखांशाच्या हिशेबाने ते ग्रिनिचच्या सातच तास पुढे असायला हवं, पण मलेशियाने सगळ्या देशाची वेळ एक केली तेव्हा १९८२ पासून त्यांनीही आठ तास धरले. चीन एवढा आडवा पसरलेला, तरी सगळीकडे बीजिंगची एकच वेळ.

आता तिकीट पुन्हा वाचू. टोकियोचे सकाळचे ७:३० म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे ४:००. रात्री आठ ते पहाटे चार, आठ तास. परतीला टोकियोचे ११:०० म्हणजे आपले सकाळचे ७:३०. साडेसात ते संध्याकाळी सव्वापाच, पावणेदहा तास. घरी बसून विमानाची वाट बघणाऱ्यांनी दोन्ही टोकं भारतीय वेळेत बदलून कागदावर लिहून घ्यावीत. तेवढं केलं की "अजून कसं पोचलं नाही" ही रात्रीची घालमेल बरीच कमी होते.

अंतर म्हणजे नेमकं कुठलं?

मुंबई विमानतळ ते टोकियोचा नारिता विमानतळ हे अंतर ६,७८० किलोमीटरच्या आसपास भरतं. इंटरनेटवर शोधलं तर कुठे थोडं जास्त दिसेल, कुठे कमी, आणि कुठे एकदम ३,६६० दिसून बुचकळ्यात पडाल. ३,६६० हे सागरी मैल आहेत. विमान आणि जहाज वाहतुकीत तेच एकक चालतं आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. बाकीचा किरकोळ फरक कोणता बिंदू धरला यावरून पडतो. कुणी शहराचा मध्य धरतं, कुणी विमानतळ. टोकियोला तर विमानतळच दोन आहेत. हानेदा शहराला लागून आहे आणि नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर लांब. तिकीट काढताना यातला कुठला, हे जरूर बघा. रात्री उशिरा नारिताला उतरून गावात जायचं आणि हानेदाला उतरून जायचं, यात बराच फरक पडतो.

हा ६,७८० चा आकडा पृथ्वीच्या गोल पाठीवरून मोजलेल्या सगळ्यात जवळच्या रेषेचा आहे. ही रेषा कशी जाते हे कळायला शाळेतला पृथ्वीगोल आणि हातभर दोरा पुरतो. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं टोकियोवर, आणि दोरा ताणा. तो कुठून जातो ते बघा. मध्य प्रदेश ओलांडून पाटण्याच्या जवळून, मग भूतान, मग तिबेटचा पूर्वेकडचा भाग, चीनचा सिचुआन प्रांत, पीत समुद्र, दक्षिण कोरिया आणि शेवटी जपान. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच रेषा वर फुगलेल्या कमानीसारखी दिसते, आणि लोकांना वाटतं विमान उगाच वळसा घेतंय. वळसा नकाशात आहे. गोल चेंडू कागदावर सपाट पसरताना कुठेतरी ताणावाच लागतो आणि आपण रोज पाहतो त्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात तो ध्रुवांकडे ताणलेला असतो.

इथवरचं बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. गंमत याच्या पुढे आहे. त्याच सपाट नकाशावर मुंबई ते टोकियो पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर ती ढाक्याजवळून आणि चीनच्या युन्नान प्रांतावरून जाते. ही रेघ त्या दोऱ्यापेक्षा जेमतेम शंभर किलोमीटरने लांब आहे. म्हणजे 'गोल पृथ्वीवरचा जवळचा रस्ता' हा जो मोठा चमत्कार म्हणून सांगतात, तो या मार्गावर दीड टक्क्याच्या आत आटपतो. उत्तरेकडच्या शहरांमध्ये, किंवा दिल्लीहून अमेरिकेला जाताना, तो हजारो किलोमीटरचा होतो. आपल्या पट्ट्यात नाही.

आणि विमानं खरोखर जातात ती जवळपास त्या पट्टीच्याच वाटेने! मुंबईहून निघून नागपूरच्या अंगाने बंगालकडे, मग बांगलादेश, म्यानमार, युन्नान, दक्षिण चीन करत पूर्व चीन समुद्रावरून जपानात शिरतात. आठवत असेल तर सीटसमोरच्या पडद्यावरच्या नकाशात विमान हिमालयाला डावीकडे ठेवून जाताना दिसतं. दोऱ्याची वाट मोकळी असताना ती का सोडायची?

कारण तिबेट. तिथल्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या घरात आहे. विमान उडतं दहा-अकरा हजार मीटरवर, मग खाली पठार असलं काय नि समुद्र असला काय, असं वाटेल. पण एवढ्या उंचीवर बाहेरची हवा श्वास घेण्याजोगी नसते, म्हणून केबिनमध्ये दाब देऊन ठेवलेला असतो. काही बिघाड होऊन तो दाब गेला तर डोक्यावरून पिवळे मास्क खाली येतात. हवाई सुंदरी दर वेळी दाखवते ते हेच. त्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा ते वीस मिनिटांपुरता असतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान साधारण दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन हजार मीटरवर आणायचं असतं, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. तिबेटवर तीन हजार मीटर म्हणजे जमिनीच्या दीड किलोमीटर खाली! उतरायला जागाच नाही. शिवाय आसपास मोठे विमानतळ कमी, आणि जे आहेत तेही उंचावर. म्हणून नेहमीची प्रवासी वाहतूक त्या पठाराला बगल देते. दोनेकशे किलोमीटर जास्त गेले तरी चालतील, असा हा हिशेब आहे. तेव्हा प्रत्यक्षात विमान कापतं ते अंतर ७,००० किलोमीटरच्या आसपास धरा. पुढची आकडेमोड त्यावरच करू.

खरा घोळ वाऱ्याचा

अंतर सांगणाऱ्या वेबसाइटवर 'प्रवासाचा वेळ' म्हणून एकच आकडा असतो, जायला तोच आणि यायला तोच. ती वेबसाइट अंतराला एका ठरावीक वेगाने भागते आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धाएक तास मिळवते. आकडा चुकीचा म्हणता येणार नाही, पण त्यात वारा धरलेला नसतो. आशियात पूर्व-पश्चिम जाताना वारा न धरता वेळ सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

विमानाचा वेग हवेच्या संदर्भात मोजलेला असतो. टोकियोला जाणारं मोठं जेट विमान ताशी साधारण ९०० किलोमीटरने उडतं, पण हे ९०० त्याच्या भोवतालच्या हवेला धरून. ती हवाच ताशी शंभराने पूर्वेला सरकत असेल तर जमिनीवरून बघणाऱ्याला विमान पूर्वेला १,००० ने जाताना दिसेल आणि पश्चिमेला ८०० ने. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पाण्याला ओढ असताना हातपाय तेवढेच मारले तरी धारेबरोबर घाट झपाझप मागे पडतो आणि धारेविरुद्ध परतताना घाम फुटतो.

आकडे मांडून बघा. वाटेवर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा पश्चिमेकडून येणारा वारा धरला, तर जाताना ७,००० भागिले १,००० म्हणजे सात तास. येताना ७,००० भागिले ८०० म्हणजे पावणेनऊ तास. दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा मिळून एक तास घाला. आठ आणि पावणेदहा. तिकिटावरचं कोडं इथे सुटलं.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. जाताना वाऱ्याने जे दिलं ते येताना घेतलं, म्हणजे फिट्टंफाट, असं वाटतं ना? नाही होत तसं. वारा नसता तर जाऊन-येऊन हवेतले तास साडेपंधरा आणि वर थोडी मिनिटं झाले असते. वाऱ्यासकट ते पावणेसोळा होतात. कारण मदतीचा वारा आपल्याला फक्त सात तास मिळतो आणि विरोधातला मात्र पावणेनऊ तास सोसावा लागतो. वारा जितका जोराचा, तितका हा तोटा मोठा. लांबच्या मार्गावर मध्यम आकाराचं आधुनिक विमान तासाला साधारण पाच टन इंधन पितं, तेव्हा विमान कंपन्यांसाठी ही दहा-बारा मिनिटंही किरकोळ नसतात.

हा वारा येतो कुठून? विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंडगार. या दोन्हींच्या सीमेवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, दाबातल्या फरकामुळे हवा उत्तरेकडे ढकलली जाते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळते. त्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे, अरुंद पण प्रचंड वेगाचे पट्टे तयार होतात. त्यांना जेट स्ट्रीम किंवा जेट वारे म्हणतात. हिवाळ्यात आपल्या बाजूचा पट्टा हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारतावरून जातो. तिबेटच्या पठारामुळे दुभंगलेले वारे चीनच्या पूर्वेला पुन्हा एकत्र येतात, त्यात सैबेरियाची थंडी मिसळते, आणि जपानच्या डोक्यावर जगातल्या सर्वांत जोरदार जेट वाऱ्यांपैकी एक वाहू लागतो. जानेवारीत तिथे ताशी २००-३०० किलोमीटरचा वेग ही नवलाई नाही. अशा दिवशी पडद्यावर विमानाचा वेग ११०० च्या वर गेलेला दिसतो. विमान तेच आहे, इंजिनाचा जोर तोच आहे. खालची जमीन तेवढी जास्त वेगाने मागे पडते आहे.

हे वारे पद्धतशीर मोजले ते जपानी हवामानशास्त्रज्ञ ओइशी वासाबुरो यांनी, १९२० च्या दशकात. टोकियोच्या उत्तरेला तातेनो इथल्या वेधशाळेतून ते फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग ठेवायचे. हिवाळ्यात फुगे सुसाट पूर्वेला जायचे. हे निष्कर्ष त्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केले, पण लिहिले एस्पेरांतो भाषेत. जगाने वाचावं म्हणून सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेली ही भाषा निवडली आणि जगाने नेमकं तेच वाचलं नाही! अमेरिकन वैमानिकांना हे वारे कळले ते १९४४ च्या शेवटी, बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा. वाऱ्यामुळे त्यांचे नेम चुकायला लागले. जपानने तोवर हेच वारे उलट कामाला लावले होते. हाती बनवलेल्या जपानी कागदाचे प्रचंड फुगे करून, त्यांना बॉम्ब बांधून, १९४४–४५ मध्ये सुमारे ९,००० फुगे अमेरिकेच्या दिशेने सोडले. कसलंही इंजिन नसताना त्यातले काही प्रशांत महासागर ओलांडून खरोखर पोचले.

उन्हाळा-पावसाळ्यात चित्र पालटतं. सूर्याबरोबर हा पट्टा सरकून तिबेटच्या उत्तरेला जातो आणि मवाळ होतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाण्या-येण्यातला फरक बराच आकसतो आणि जानेवारीत सगळ्यात जास्त असतो. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दोन वेळापत्रकांत एकाच विमानाचा प्रवासकाळ वेगळा छापलेला असतो, त्यामागे हा वारा असतो. पावसाळ्यात तर दक्षिण भारतावर, आणखी उंचावर, उलट्या दिशेचा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट तयार होतो. आपलेच हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला आणि मोसमी पावसाशी त्याचं नातं दाखवलं. इकडे गगनबावड्याला धो धो कोसळत असतं तेव्हा त्याच्या वर पंधरा किलोमीटरवर हे पूर्वेचे वारे वाहत असतात.

जेटच्या काठावर, जिथे वेगवान आणि संथ हवा एकमेकींना घासतात, तिथे आभाळ स्वच्छ असतानाही विमान हादरे खातं. ढग नसतो, त्यामुळे रडारवर दिसत नाही. सीट बेल्टचा दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा सैल बांधून ठेवावा, हे मी प्रत्येक ज्येष्ठ प्रवाशाला तिकिटाबरोबर सांगतो.

पृथ्वी फिरते त्याचं काय?

हा प्रश्न विचारणारा दर महिन्याला कुणीतरी भेटतो, बहुतेक वेळा शाळकरी नातू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान पश्चिमेला जाताना गाव आपणहून सामोरं यायला हवं, म्हणजे येतानाच वेळ कमी लागायला हवा. तर्क बिनतोड दिसतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने पूर्वेला सरकते आहे. पण तिच्याबरोबर रंकाळ्याचं पाणी, आपण, विमान आणि विमानाभोवतीची हवा, सगळंच त्याच वेगाने सरकतंय. तसं नसतं तर घराबाहेर पाऊल टाकताच १,६०० किलोमीटरच्या वाऱ्याने आपण उडून गेलो असतो. फिरण्याचा परिणाम होतो तो फक्त आडवाटेने : वारे वळवून. आणि त्यानेच येणं लांबतं.

हा सगळा खेळ उत्तरेकडे जास्त आणि विषुववृत्ताकडे कमी. मुंबई–सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, साडेपाच तासांच्या आसपास, आणि जाण्या-येण्यात फरक असला तरी थोडाच. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर. इथे जाताना सव्वातीन तास धरा, येताना पावणेतीन. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे दुपारी ४:०० ला निघालेलं विमान तिथल्या ५:४५ ला पोचतं आणि बघणाऱ्याला वाटतं पावणेदोन तासांत दुबई! टोकियोच्या तिकिटासारखीच घड्याळाची फसवणूक. पश्चिमेला जाताना घड्याळ वेळ लपवतं, पूर्वेला जाताना फुगवतं. वारा नेमकं उलट करतो.

कधी कधी वाऱ्याहून मोठी गोष्ट आडवी येते, ती म्हणजे सरहद्द. दिल्ली ते ताश्कंद सरळ रेषेत १,६०० किलोमीटरच्या आत आहे, मुंबई–दुबईपेक्षा जवळ. पण ती रेष पाकिस्तानवरून जाते. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि काही दिवसांतच इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणं थांबवावी लागली. अरबी समुद्र आणि इराणकडून वळसा घालून जायचं तर त्यांच्या छोट्या विमानांची झेपच तेवढी नव्हती. आणि उत्तरेकडून सरळ जावं तर पुन्हा काराकोरम आणि तिबेटची उंची. नकाशावर जवळचं शहर एका रात्रीत लांब गेलं.

तिकिटावरचे आठ तास आणि दारापासूनचे तास

वेळापत्रकातला वेळ हवेतला नसतो. विमान फाटकापासून मागे सरतं तिथून, ते दुसऱ्या गावच्या फाटकाला लागेपर्यंतचा असतो. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो आणि त्यावर दिवसाला नऊशेहून अधिक विमानं चढतात-उतरतात. रांगेत वीस-पंचवीस मिनिटं जाणं नित्याचं. कंपन्या हे आधीच धरून वेळ थोडी सैल छापतात. म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी वेळेवर पोचतं, आणि वर घोषणाही ऐकायला मिळते.

आता कोल्हापूर. उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबई सरळ रेषेत ३०० किलोमीटर, रस्त्याने पावणेचारशेच्या घरात, रेल्वेने मिरज-पुणे करत पाचशेच्या वर. विमान तासाभरात नेतं, महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्र घेते. गाडीने जायचं तर सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम जोवर चालू आहे तोवर किती तास लागतील हे खंडोबालाच ठाऊक. साडेआठ-नऊ धरा. म्हणजे सकाळी सातला घर सोडलं, चारपर्यंत सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला, पोचलात, रात्री आठचं विमान, भारतीय वेळेने पहाटे चारला नारिता, इमिग्रेशन आणि सामानाला तासभर, गावात जायला रेल्वेने आणखी तासभर. तेवीस तासांचा प्रवास झाला आणि त्यातले विमानाचे आठ.

म्हणून टोकियोच्या दोन विमानांतलं एक अर्ध्या तासाने जलद आहे यावर डोकं खाजवण्यात अर्थ नाही. डोकं मुंबईतल्या जोडणीवर लावा. कोल्हापूर–मुंबई आणि मुंबई–टोकियो ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील, म्हणजे दोन वेगळे पीएनआर असतील, तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही, आणि पैसेही परत मिळतीलच असं नाही. सामान मुंबईत स्वतः उतरवून घ्यायचं, टर्मिनल बदलायचं असेल तर सहारला न्यायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. हिवाळ्यात सकाळचं धुकं आणि पावसाळ्यात खाली आलेले ढग यांनी उजळाईवाडीचं विमान लांबतं, कधी रद्दही होतं. दोन विमानांत पाच-सहा तास ठेवा. आई-वडील एकटेच निघाले असतील तर आदल्या दिवशी मुंबई गाठून नातेवाइकांकडे मुक्काम करायला सांगा. परतीला विमान संध्याकाळी सव्वापाचला उतरतं, आणि बाहेर पडेपर्यंत सात वाजतात. त्या दिवशीचं कोल्हापूरचं विमान मिळेल या भरवशावर तिकीट काढू नका. रात्रीची महालक्ष्मी किंवा स्लीपर कोच आधीच बुक करा.